ले-ऑफ सगळ्यांचाच, पण पुढची नोकरी कोणाला?

२७ जुलै २०२५ रोजी टीसीएस या देशातील सर्वात मोठ्या आयटी कंपनीने जाहीर केले की आर्थिक वर्षभरात सुमारे २ टक्के, म्हणजे १२,२६१ कर्मचारी कमी केले जातील आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतील लोक अधिक असतील. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीची कर्मचारीसंख्या १९,७५५ ने घटून ५,९३,३१४ वर आली. यात स्वतःहून सोडून गेलेलेही आहेत, हे खरे. पण त्याच तिमाहीच्या हिशेबात कंपनीने पुनर्रचनेपोटी १,१३५ कोटी रुपयांचा खर्च दाखवला. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली की लोकांकडून दबावाने राजीनामे घेतले जात आहेत. कंपनीने आरोप फेटाळले.

ही बातमी एका कंपनीपुरती नाही. नावे बदलतात, पत्रातील भाषा तीच राहते. ‘एआयमुळे नोकऱ्या गेल्या’ असे एका ओळीत सांगून मोकळे होणारे बरेच आहेत. एआय हे एक कारण आहेच. पण कोविडनंतर २०२१ आणि २०२२ मध्ये या कंपन्यांनी वारेमाप भरती केली होती, नंतर अमेरिका-युरोपातील ग्राहकांनी हात आखडता घेतला, आणि प्रकल्पाविना बसलेला माणूस, ज्याला ‘बेंच’वर म्हणतात, तो किती दिवस पोसायचा याचे गणित कंपन्यांनी कडक केले. त्यात पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस महाग पडतो. दोन नवे पदवीधर आणि एक सॉफ्टवेअर साधन त्याच्यापेक्षा स्वस्त. कपातीचा मारा मधल्या फळीवर येतो तो यामुळे.

आणि मधली फळी म्हणजे कोण, हा प्रश्न आम्हाला आमच्या बाजूने विचारायचा आहे. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या वस्त्यांतून, तालुक्यांतून, शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या आधारावर जी मुले-मुली अभियांत्रिकीला गेली, वसतिगृहांत राहून शिकली आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात रुजू झाली, ती आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. घराण्यातील पहिला पगार, पहिला फ्लॅट, पहिले गृहकर्ज. त्या एका पगारावर गावचे आई-वडील, धाकट्या भावाची फी, बहिणीच्या मुलांचे क्लास चालतात. कंपनीच्या यादीत ते नाव एक असते. घराकडून मोजले तर तीन-चार चुली असतात.

नोकरी जाणे आता कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. जात पाहून ले-ऑफची यादी बनते असा सरसकट आरोप आम्ही करणार नाही, तसा पुरावा आमच्याकडे नाही. पण नोकरी गेल्यानंतरचे चार-सहा महिने सगळ्यांचे सारखे नसतात. ते कसे जातात हे तीन गोष्टींवर ठरते: घरात साठवलेले किती, कायद्याचे कागद कोणाच्या हातात, आणि फोन उचलून ‘एक जागा बघ ना’ म्हणता येईल अशी माणसे किती. तिन्ही बाबतीत आपली पहिली पिढी रिकाम्या हाताने उभी असते, आणि तिसऱ्या बाबतीत सर्वाधिक.

आधी कागदांचे बोलू, कारण तिथे तासा-दोन तासांत नुकसान होते. एचआर माणसाला एका खोलीत बोलावते आणि सांगते की आजच राजीनामा मेल करा, म्हणजे अनुभवाचे पत्र स्वच्छ मिळेल. नाही केला तर ‘टर्मिनेशन’ दाखवू, मग पुढे कोणी घेणार नाही. भीतीने माणूस तिथल्या तिथे मेल करतो. कायद्याच्या भाषेत त्या क्षणी त्याला कोणी काढलेले राहत नाही, तो स्वतः गेलेला असतो.

इथे शब्दाची एक गंमतही आहे. ज्याला सगळे ‘ले-ऑफ’ म्हणतात ते कायद्यात तात्पुरते काम न देणे आहे, ज्यात कामगार हजेरीपटावर राहतो. कायमचे कमी करणे म्हणजे छाटणी, आणि पुढे सांगितलेले संरक्षण छाटणीला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातील औद्योगिक संबंध संहितेनुसार एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला छाटणी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होते. नवीन भाग असा की पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे आहे. कंपनीने वर्षभरात पुन्हा भरती काढली तर छाटलेल्या कामगाराला प्राधान्य आहे. वेतन संहितेनुसार काढल्यापासून किंवा राजीनाम्यापासून दोन कामाच्या दिवसांत थकीत वेतन चुकते करायचे आहे. आणि वाईट बाजूही सांगितली पाहिजे: छाटणीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची सक्ती पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० पासून पुढे आहे. कामगार संघटना या बदलाविरुद्ध इतकी वर्षे बोलत होत्या ते उगीच नाही.

‘मी कामगार कुठे, मी तर सीनियर कन्सल्टंट’ असे आपल्यातील बरेच जण म्हणतात. संहितेत कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणाराही कामगारच आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकार असलेला, आणि दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतनावर देखरेखीचे काम करणारा त्यातून वगळला आहे. वाद झाला तर पदाचे नाव बाजूला ठेवून हाताखालचे प्रत्यक्ष काम तपासले जाते. दिवसभर स्वतः कोड लिहिणाऱ्याच्या पत्रावर ‘मॅनेजर’ छापले म्हणून तो आपोआप व्यवस्थापक होत नाही. म्हणून राजीनामा मागितला तर एकच वाक्य पुरेसे आहे: ‘विचार करून कळवतो, मागणी कृपया मेलवर पाठवा.’ नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, मूल्यमापनाचे निकाल यांच्या प्रती घरी असू द्या. कंपनीचा लॅपटॉप त्या खोलीतून बाहेर पडण्याआधीच बंद झालेला असतो. मात्र कंपनीचा गोपनीय डेटा किंवा ग्राहकाची कोणतीही फाईल स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तेवढ्यावरून गैरवर्तनाचा ठपका येतो आणि सगळी बाजू उलटते. कामगार आयुक्त कार्यालयात एकटा माणूसही आपला वाद दाखल करू शकतो, संघटना मागे असावीच लागते असे नाही. मुदत असते, म्हणून बसून राहू नका. सगळ्यांनीच भांडावे असे आमचे म्हणणे नाही. चांगली रक्कम देऊन मोकळे करत असतील तर घेऊन पुढे जाणे शहाणपणाचे ठरू शकते. पण मग ती रक्कम काय आहे आणि सही केल्याने आपण कोणता हक्क सोडतो आहोत, हे सहीच्या आधी कळले पाहिजे.

प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीला त्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे, हे मुद्दाम सांगतो. कारण कपातीच्या लाटेत आधी तिच्याकडे बोट जाते, आणि घरातही ‘आता बाळाकडेच बघ’ म्हणत तो निर्णय गोड करून घेतला जातो. तिला पुन्हा नोकरीवर जाऊ द्यायचे की नाही, हा विषय घरातील पुरुषांच्या बैठकीचा नव्हे.

आता पैसा. पाच वर्षे सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी तुमची आहे, वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे. मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना नव्या संहितेत ती एका वर्षानंतरही मिळते. भविष्य निर्वाह निधीबाबत ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेली २५ टक्के १२ महिने बेरोजगार राहिल्यावर. ‘काढता येते’ म्हणून काढू नका. विशेषतः पेन्शनचा भाग काढून सेवा शून्यावर आणू नका, कारण पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा धरली जाते. यूएएन एकच ठेवा, आधीच्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली का ते पाहा. आई-वडिलांसह सगळ्यांचा कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी करून घेता येते का, ते शेवटच्या दिवसाआधी विचारा. घरी डायलिसिस किंवा हृदयाचे औषध चालू असेल तर हे काम रेझ्युमेच्याही आधीचे.

हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे, चुकल्यावर नव्हे. मोबाईलवरच्या झटपट कर्जाला हात लावू नये. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक स्वतःच्या उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गृहस्थाला ईएमआय नव्हता, त्यामुळे आजच्या पगारात चौथा भाग निघणे कठीण आहे हे आम्हालाही कळते. तरी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसताना दुसरा फ्लॅट किंवा मोठी गाडी घेणे, हा प्रकार आपल्या नव्या मध्यमवर्गात वाढला आहे, आणि तो बोलून दाखवणे भाग आहे.

भरपाईची रक्कम हातात पडली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘धंदा टाक.’ स्टँड-अप इंडियासारखी कर्जयोजना अनुसूचित जाती-जमातींसाठी काढली गेली, डिक्कीसारख्या संस्थेने उद्योजक उभे केले आहेत, हे सगळे बरोबर. पण ज्याने कधी दुकान चालवले नाही त्याने नोकरी गेलेल्या महिन्यात आयुष्याची पुंजी फ्रँचायझीत घालणे धोक्याचे आहे. दुसरा सल्ला, ‘एमपीएससी दे, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत संधी आहे.’ वय बसते म्हणजे जागा आहे असे होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोत भरतीचा निर्णय काढला होता, तो राज्यभरच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, पण सरकारी कार्यालयांतील कंत्राटी खुर्च्या काही गेल्या नाहीत. आरक्षण कायम पदाला लागते. पदच कंत्राटदाराकडे गेले की आरक्षण कागदावर राहते.

मग बहुतेकांना पुन्हा खासगी क्षेत्रातच शोधायचे आहे, जिथे आरक्षण नाही. उद्योगसंघटनांनी २००६ च्या सुमारास स्वेच्छेची आचारसंहिता मान्य केली, त्यापलीकडे सक्ती काही नाही. आणि इथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. खासगी नोकरी जाहिरातीतून जितकी मिळते असे वाटते तितकी मिळत नाही. मोठ्या कंपन्यांत ‘रेफरल’ म्हणजे आतल्या माणसाची शिफारस हा भरतीचा राजरस्ता आहे. शिफारस करणाऱ्याला त्याबद्दल बक्षीसही मिळते. पोर्टलवर टाकलेले शेकडो अर्ज यंत्र चाळते, शिफारशीचा अर्ज माणूस उघडून पाहतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडले होते की नोकरीची बातमी जिवाभावाच्या माणसांपेक्षा जुजबी ओळखीतून जास्त येते. कारण जिवाभावाच्या माणसाला तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. कधीतरी भेटणारा माणूस वेगळ्या वर्तुळातील असतो.

हे आपल्याला लावून पाहा. जिवाभावाची माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. आजारपणात रक्त द्यायला अर्ध्या तासात वीस पोरे उभी राहतात. पण त्या वीसांपैकी किती जणांच्या कंपनीत डेटा इंजिनिअरची जागा आहे? जुजबी ओळख, म्हणजे सोसायटीतील काका, वडिलांचे कॉलेजमित्र, आत्याचा दीर, क्लबमधील कोणी, ही सवर्ण मध्यमवर्गाला न मागता वारशात मिळते. तिचा सातबारा नसतो म्हणून ती मालमत्ता आहे हे दिसत नाही. गुणवत्तेवर नोकरी मिळवली असे प्रामाणिकपणे मानणारा माणूस त्या एका फोनची नोंद ठेवत नाही.

जिथे फोन नसतो तिथे फक्त नाव उरते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवा. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात: सवर्ण हिंदू वाटेल असे, दलित वाटेल असे, मुस्लिम वाटेल असे. दलित नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची सुमारे एक तृतीयांश. मुलाखतीची वेळही आली नव्हती. त्याच वर्षी कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की ‘फॅमिली बॅकग्राउंड’ हा प्रश्न त्यांना पूर्णपणे निरागस वाटतो. वडील काय करतात, मूळ गाव कोणते, पुण्यात कुठे राहता. आपल्या मुला-मुलींना हा प्रश्न आला की घशाला कोरड का पडते, हे समोरच्याला कळत नाही, किंवा पुरते कळते.

बाबासाहेबांनी ही गोष्ट गिरणीच्या दारात पाहिली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि विटाळाचा प्रश्न येई. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की संपाच्या मागण्यांत हेही आले पाहिजे. सगळ्यांच्या पगारासाठीच्या लढ्यात आपल्या माणसाला कोणत्या खात्याचे दार बंद आहे, हा प्रश्न त्यांनी मागे पडू दिला नाही. आजच्या आयटी कर्मचारी संघटनांना साथ देताना आपणही तो मागे पडू देऊ नये. छाटणीविरुद्धच्या निवेदनात भरतीतील भेदभावाचा एक परिच्छेद मागायला काय हरकत आहे?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था याच खात्याखाली उभी राहिली. आधी ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी होती. त्या व्यवस्थेमागचा विचार साधा आहे: जागा कुठे रिकामी आहे ही बातमी कोणाच्या खिशात राहू नये, ती सरकारी फलकावर लागावी. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळवणे बंधनकारक केले. पण कळवलेल्या यादीतूनच नेमणूक करा, अशी सक्ती नव्हती. फलक सरकारचा आणि फोन ओळखीचा, हे दोन्ही शेजारी शेजारी चालत राहिले. कोण जिंकले ते आपण पाहतोच.

त्यामुळे फलकाची वाट न पाहता ओळखीचे जाळे स्वतः विणावे लागेल. ‘ही दुसऱ्या बाजूची जातीयताच नाही का?’ असे आपलेच तरुण विचारतात. आम्हाला तसे वाटत नाही. आपण मागतो ते इतकेच की अर्ज टेबलापर्यंत पोहोचावा. पुढची परीक्षा ज्याची त्याने द्यायची. शिफारस करणाऱ्यानेही खोटे लिहू नये, कारण एक कच्ची शिफारस पुढच्या दहा जणांची वाट बंद करते. आणि जे वर पोहोचले पण ऑफिसात ‘जय भीम’ म्हणत नाहीत, त्यांना ‘समाजाला विसरले’ म्हणून झोडपण्याआधी थांबावे. उघड होण्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा नेमकी माहीत आहे. नाव न सांगता शिफारस करता येते. त्यांच्याकडे तेवढेच मागा.

शोध कसा करायचा याचे थोडे सांगतो. पहिला आठवडा कोणालाही अर्ज पाठवण्याचा नाही. झोप, घरी खरे सांगणे आणि खर्चाचा कागद, एवढेच. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असे सोंग करणारे लोक आहेत. ते सोंग महिनाभरात माणसाला पोखरते. मन फारच खचले तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे. रेझ्युमेत कंपनीने काढले हे लपवू नका. ‘पुनर्रचनेत माझे पद रद्द झाले’ हे वाक्य मुलाखतीत मान खाली न घालता म्हणता आले पाहिजे, आणि ते आरशासमोर नव्हे तर माणसासमोर म्हणून पाहावे लागते. फक्त सेवा कंपन्यांकडेच पाहू नका. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रे, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती २०२४ पर्यंत देशात १,७०० च्या वर गेली आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास लोक काम करतात. पुणे हे त्यांचे मोठे ठिकाण आहे. पैसे घेऊन मागच्या दाराने लावून देणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’ला एक रुपया देऊ नका. खोटे अनुभवपत्र तर नकोच, कारण पडताळणीत भविष्य निर्वाह निधीची नोंद पाहिली जाते आणि ते तिथेच उघडे पडते.

काचेच्या इमारतीतून इंजिनिअर कमी झाला की दोन मजल्यांची साफसफाई, कँटीनची एक पाळी आणि रात्रीची चार वाहनेही कमी होतात. त्या खालच्या यादीची बातमी होत नाही. तिथेही आपलीच माणसे आहेत, आणि त्यांना नोटीसही मिळत नाही. कंत्राटदार बदलला एवढेच सांगतात. ज्यांचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांच्यासाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटी पूर्ण होत असतील तर नोकरी गेल्यावर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या मिळकतीच्या निम्मी रक्कम मिळते. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, त्यामुळे सध्याची स्थिती जवळच्या ईएसआय शाखेत विचारून घ्यावी. ज्या मावशी पंधरा वर्षे एकाच इमारतीत तीन कंत्राटदारांकडे राबल्या, त्यांच्याजवळ बहुतेकदा ईएसआय क्रमांकाचा कागदही नसतो. आधी तो शोधून द्यावा लागतो.

१४ एप्रिलच्या डीजेला वर्गणी गोळा करणारी यंत्रणा आपल्याकडे गल्लीगल्लीत तयार आहे. पावतीपुस्तक आहे, पोरे आहेत, दर घरी कोण कमावते याची माहिती आहे. तीच यंत्रणा विहारात रविवारच्या वंदनेनंतर तासभर बसली तर काम सुरू होते. एक वही घ्यावी. पहिल्या रकान्यात वस्तीतील कोण कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर आहे आणि शिफारस करायला तयार आहे का. दुसऱ्यात कोणाची नोकरी गेली, अनुभव कशाचा, घरी किती महिन्यांचा खर्च शिल्लक. तिसऱ्यात कोण मराठी-इंग्रजीत सराव मुलाखत घेऊ शकतो, कोणाला श्रम कायदा कळतो, कोण मेल लिहून देईल. दुसरा रकाना सगळ्यांना दाखवायचा नाही. तो एकाच विश्वासू व्यक्तीकडे राहावा, शक्यतो एखाद्या ताईकडे, कारण आपल्या स्त्रिया या विषयावर पुरुषांसमोर सहसा बोलत नाहीत. हाउसकीपिंगच्या मावशींसाठी आणि ड्रायव्हरसाठी वेगळी वही करू नये. त्यांची नावेही याच वहीत, इंजिनिअरच्या नावाखालच्या ओळीवर.